टेबलाखालचा गुंता : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : घरून काम करतो. चार फुटी टेबलावर कॉम्प्युटर, दोन मॉनिटर, स्पीकर, लॅपटॉपचा चार्जर आणि लेझर प्रिंटर आहे. खाली वायरींचं नुसतं जाळं झालंय. दोनदा प्लॅस्टिकचे टाय लावून सगळं बांधलं, पण महिन्याभरात पुन्हा तेच. लादी पुसताना फडकं अडकून प्लगही निघतो. कायमचा काही उपाय आहे का? (एक वाचक, कोथरूड)

उत्तर : गुंत्याचं मूळ आहे जमिनीवर पडलेला एक्स्टेन्शन बोर्ड. टेबलावरच्या प्रत्येक वस्तूची वायर त्याला गाठायला खाली उतरते. सहा वस्तू, सहा वायरी, सगळ्या लादीवर. बोर्ड टेबलालाच बसवा, म्हणजे प्रिंटर सोडला तर टेबलापासून भिंतीपर्यंत विजेची एकच वायर जाईल.

सगळं काढण्याआधी प्रत्येक वायरीच्या दोन्ही टोकांना मास्किंग टेप गुंडाळून नाव लिहा. ॲडॉप्टरवर तर लिहाच. राउटरचा ॲडॉप्टर बहुधा १२ व्होल्टचा असतो, मॉनिटरचा १९ व्होल्टचाही असू शकतो, आणि दोघांची पिन कधीकधी एकमेकांत बसते. अदलाबदल झाली की राउटर जळतो.

बोर्ड आयएसआय चिन्हाचा, तीन पिनी आणि सॉकेटला शटर असलेला घ्या. त्याच्या पाठीवर अडकवायची दोन भोकं असतात. पाठीवर कागद ठेवून पेन्सिलनं घासा, भोकांचा ठसा उमटेल. तोच कागद लाकडावर चिकटवून स्क्रूची जागा ठरवा. टेबलाचं प्लाय साधारण १८ मिलिमीटरचं असतं, त्यामुळे स्क्रू अर्ध्या इंचाचे पुरतात. एक इंची घेतले तर वरच्या सनमायकातून टोकं बाहेर येतील.

इथे हमखास होणारी चूक म्हणजे सॉकेटची तोंडं जमिनीकडे करून बोर्ड बसवणं. जड ॲडॉप्टर स्वतःच्या वजनानं सैल होतो, पिन अर्धवट टेकते, तिथे ठिणगी पडते आणि सॉकेट तापून काळं पडतं. म्हणून टेबलाच्या मागच्या कडेला खालून एक लाकडी पट्टी उभी ठोका आणि बोर्ड तिच्यावर आडवा बसवा, तोंडं भिंतीकडे. भोकाची अरुंद बाजू वर राहील असं पाहा, म्हणजे बोर्ड वजनानं अडकून राहतो. दोन्ही बाजूंनी चिकटणाऱ्या टेपवर भिस्त ठेवू नका. एप्रिल-मेच्या उन्हाळ्यात तिचा गोंद मऊ होतो आणि बोर्ड ॲडॉप्टरांसकट खाली येतो.

मग वायरी. विजेच्या एका कडेनं, डेटाच्या दुसऱ्या कडेनं न्या. स्पीकरची बारीक ऑडिओ वायर ॲडॉप्टरांच्या गठ्ठ्यातून गेली तर स्पीकर गुणगुणतो. ती गुणगुण आपल्या ५० हर्ट्झच्या विजेची असते. दोघींना एकमेकींना ओलांडावंच लागलं तर काटकोनात ओलांडू द्या. जास्तीची लांबी गोल वेटोळी न करता इंग्रजी आठाच्या आकारात वीतभर घडी घाला आणि वेल्क्रोच्या पट्टीनं सैलसर बांधा, एक बोट आत जाईल इतपत. तुमचे टाय महिन्याभरात निकामी का झाले? टाय एकदा आवळला की कापल्याशिवाय सुटत नाही. नवी वायर आली की ती गठ्ठ्याबाहेरूनच जाते आणि तिथून पुन्हा जाळं सुरू होतं. वेल्क्रोचा रोल पुण्यातल्या तपकीर गल्लीत, विजेच्या सामानाच्या बाजारात, मिळेल. पाच-सहा इंचांचे तुकडे कापून वापरा.

सीपीयूच्या मागे हातभर ढील ठेवा, धूळ काढायला तो पुढे ओढता आला पाहिजे. बिनतारी माउसचा रिसीव्हर मात्र मागच्या निळ्या यूएसबी पोर्टात, बाहेरच्या हार्ड डिस्कशेजारी लावू नका. यूएसबी ३ च्या वायरीतून २.४ गिगाहर्ट्झच्या आसपास गोंगाट निघतो आणि माउस अडखळतो. फूटभर यूएसबी एक्स्टेन्शन लावून रिसीव्हर टेबलावर आणा.

६ अँपिअरचा बोर्ड २३० व्होल्टला जास्तीत जास्त १,३८० वॉट पेलतो. कॉम्प्युटर, मॉनिटर, चार्जर मिळून त्याच्या बरेच खाली राहतात. लेझर प्रिंटर मात्र थेट भिंतीतल्या सॉकेटला लावा, आणि एका बोर्डात दुसरा बोर्ड खुपसू नका.

प्रश्न : बाणेरला भाड्याच्या फ्लॅटमध्ये राहते. इंटरनेटची फायबर लाइन मुख्य दाराजवळ येते, टेबल आतल्या खोलीत. घरमालक भिंतीला भोक पाडू देत नाहीत. फायबरच ओढून आत नेऊ का? उरलेली टेबलामागे गुंडाळून ठेवता येईल. (एक वाचक, बाणेर)

उत्तर : फायबर हलवू नका. ती काचेची आहे; घट्ट वाकवली की प्रकाश बाहेर निसटतो, वेग पडतो किंवा मोडेमवर लाल दिवा लागतो. चहाच्या कपाच्या बुडापेक्षा लहान वेटोळं तिला देऊ नये. हिरव्या टोकाच्या तोंडाला बोटही लावू नका. मोडेम दाराजवळच राहू द्या आणि तिथून आत कॅट ६ ची लॅन केबल न्या.

केबलची लांबी हवेतून मोजू नका. स्कर्टिंगच्या कडेनं, दाराच्या चौकटीवरून दोरी धरून मोजा आणि दोन्ही टोकांना एकेक मीटर जास्त धरा. शंभर मीटरपर्यंत वेग कमी होत नाही, त्यामुळे थोडी लांब चालेल. केबल शुद्ध तांब्याची मागा. तांब्याचा मुलामा दिलेली ॲल्युमिनियमची स्वस्त मिळते, पण ती वाकवताना तुटते. कोपऱ्यात इंचभर तरी गोलाई ठेवा. स्कर्टिंगच्या टाइलवर प्लॅस्टिकची चिकट पट्टी छान बसते, कारण टाइल स्पिरिटनं पुसता येते. डिस्टेंपरच्या भिंतीवर ती लावू नका. घर सोडताना रंगाचा पापुद्रा घेऊनच निघते आणि डिपॉझिटवरून वाद होतो.

जोडून झाल्यावर कॉम्प्युटरच्या नेटवर्क सेटिंगमध्ये जोडणीचा वेग पाहा. १,००० एमबीपीएसऐवजी १०० दिसला आणि दोन्ही बाजूंची पोर्ट गिगाबिट, म्हणजे १,००० च्या वेगाची, असतील, तर आठपैकी एखादी तार टोकाला नीट दाबली गेलेली नाही. टोक कापून नवं बसवून घ्या.

प्रश्न : जुन्या वाड्यात राहतो. सीपीयूच्या पत्र्याला हात लागला की झिणझिण्या येतात. वायरी नीट लावण्यासाठी लोखंडी जाळीचा ट्रे आणलाय. बसवू का? (एक वाचक, शनिवार पेठ)

उत्तर : आता नको. तुमच्या सॉकेटला अर्थिंग, म्हणजे पत्र्यात आलेली वीज जमिनीत नेणारी जोडणी, नाही किंवा ते तुटलंय. सीपीयूच्या पॉवर सप्लायमध्ये फेज आणि न्यूट्रलपासून पत्र्यापर्यंत दोन छोटे कपॅसिटर असतात. अर्थिंग नसलं की त्यांतून झिरपणाऱ्या विजेनं पत्रा निम्म्या दाबावर (व्होल्टेजवर) तरंगत राहतो. प्रवाह अगदी कमी असतो म्हणून फक्त झिणझिण्या येतात. पण उद्या आतली फेजची वायर घासून पत्र्याला टेकली तर फ्यूज उडणार नाही, आणि पूर्ण झटका माणसाला बसेल. लोखंडी ट्रेमुळे असा धोका असलेला पत्रा आणखी वाढेल.

इलेक्ट्रिशियनला मीटरनं फेज ते अर्थ मोजायला सांगा. फेज ते न्यूट्रलइतकंच, म्हणजे २३० च्या आसपास, आलं पाहिजे. कमी आलं तर अर्थच्या मूळ जोडणीपासून सॉकेटपर्यंत हिरवी वायर नव्यानं ओढून घ्या. कोणी सॉकेटमध्येच न्यूट्रल आणि अर्थ जोडून देतो म्हणाला तर साफ नकार द्या. वाटेत कुठे न्यूट्रल तुटला की तुमचा पत्रा थेट २३० व्होल्टवर जातो. तिसरी पिन कापून दोन पिनी सॉकेटला लावणंही तितकंच घातक. हे काम होईपर्यंत कॉम्प्युटर बंद ठेवलेला बरा.

प्रश्न : गुरुवारी वीज जाते म्हणून ६०० व्हीएचा यूपीएस घेतला आणि बोर्ड त्यालाच लावला. प्रिंट दिली की यूपीएस ओरडून बंद पडतो. (एक वाचक, सहकारनगर)

उत्तर : या आकाराचा यूपीएस साधारण ३६० वॉट पेलतो. लेझर प्रिंटरचा रोलर तापताना काही क्षण त्याहून कितीतरी जास्त ओढतो. प्रिंटर यूपीएसवरून काढा. त्यावर फक्त सीपीयू, एक मॉनिटर, मोडेम आणि राउटर ठेवा, तेही यूपीएसच्याच सॉकेटला. सॉकेट अपुरी पडली तर मोडेम-राउटरसाठी १२ व्होल्टचा छोटा यूपीएस वेगळा घ्या. घेण्याआधी त्यांच्या ॲडॉप्टरवरचे व्होल्ट आणि अँपिअर जुळवून पाहा. मोठा यूपीएस कपाटात कोंडू नका, उष्णतेनं बॅटरी लवकर मरते. चहूबाजूंनी चार इंच जागा सोडा आणि लादी पुसताना पाणी लागू नये म्हणून तो लाकडी फळीवर ठेवा.