पावसाळ्यात घरच्या ह्युमिडॉरमधली आर्द्रता स्थिर कशी ठेवावी?

आधी स्वयंपाकघरात जाऊन बघा, मिठाला पाणी सुटलंय का. चेष्टा करत नाहीये. तुमच्या प्रश्नाचं निम्मं उत्तर त्या बरणीत आहे.

तुम्ही लिहिलंय की ठाण्यात राहता, भावोजींनी दुबईहून पन्नास सिगार मावतील अशी ओल सांभाळणारी लाकडी पेटी, म्हणजे ह्युमिडॉर, आणून दिली, आत सध्या बाराच सिगार आहेत. एप्रिलमध्ये पेटीतला आर्द्रतेचा काटा साठ टक्क्यांच्या खाली होता, आता जुलैत शहात्तरवर गेलाय. तेव्हा रोज आतला स्पंज भिजवत होतात, आता रोज झाकण उघडून 'हवा देताय', आणि तरी आकडा एका जागी थांबत नाही. (सिगार ओढावा की नाही हे तुम्ही विचारलेलं नाही. विचारलं असतंत तर डॉक्टरांकडे पाठवलं असतं.)

सगळ्यात पहिलं म्हणजे रोज झाकण उघडणं बंद करा. का, ते हिशेबानेच सांगतो. तुमच्या पेटीत फार तर पाच लिटर हवा मावत असेल. 28 अंश तापमानाला, 70 टक्के आर्द्रतेच्या एक घनमीटर हवेत साधारण 19 ग्रॅम पाण्याची वाफ असते. म्हणजे तुमच्या पाच लिटरमध्ये किती? एक दशांश ग्रॅम. ड्रॉपरचे दोन थेंब. आणि बारा सिगारांच्या पानांत मिळून पंधरा-वीस ग्रॅम पाणी सहज असतं, पेटीच्या लाकडात त्याहूनही कितीतरी जास्त. झाकण उघडलं की ते दोन थेंब उडून जातात, काटा धाडकन हलतो आणि आपण घाबरतो. सिगारला मात्र त्याचा पत्ताही नसतो. पान आणि लाकूड थोड्या वेळात ते दोन थेंब परत हवेत सोडतात. काटा हवेचा आकडा सांगतो, आणि आपल्याला सांभाळायचंय पान. पानाला ओल धरायला किंवा सोडायला दिवस लागतात, आतल्या पानांपर्यंत पोचायला तर आठवडे.

यामुळेच भरलेली पेटी सांभाळायला सोपी आणि रिकामी अवघड. पन्नासच्या पेटीत बारा सिगार म्हणजे मोठ्या पातेल्यात वाटीभर आमटी. सिगार वाढवायला सांगत नाहीये, पेटी छोटी करा असं सांगतोय. ते कसं करायचं ते पुढे येईलच.

माझं आजोळ निपाणीचं, त्यामुळे तंबाखूचं हे वागणं लहानपणापासून ऐकून माहीत होतं. वाळलेल्या तंबाखूला भर उन्हात हात लावला की चुरा होतो. म्हणून शेतकरी पहाटे, दवाने पान मऊ पडलेलं असताना तो गोळा करतात. विड्या वळणाऱ्या बायका तेंदूची पानं भिजवून रात्रभर ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवतात, ती त्याचसाठी. ह्युमिडॉर म्हणजे ती पहाट वर्षभर टिकवायची खटपट. फरक एवढाच की शेतात दव येतं आणि जातं, पेटीत ते मुक्कामाला राहिलं की बुरशी येते.

आता मीठ. साध्या मिठाचा ओला लगदा बंद जागेत ठेवला तर आतली आर्द्रता जवळजवळ 75 टक्क्यांवर येऊन थांबते. आपल्या घरातल्या तापमानात हा आकडा फारसा हलत नाही. पावसाळ्यात मिठाला पाणी सुटतं तेही याच कारणाने: हवा पंचाहत्तरच्या वर गेली की मीठ हवेतलं पाणी ओढायला लागतं. (खडे मीठ आधीच ओलं होतं, त्यात मॅग्नेशियमचे क्षार असतात, त्यांना त्याहूनही कमी दमटपणा पुरतो.) याचा उपयोग काटा तपासायला होतो. बाटलीच्या झाकणात चमचाभर मीठ घ्या, त्यावर पाण्याचे काही थेंब टाका. विरघळू द्यायचं नाही, ओल्या वाळूसारखं व्हायला हवं. ते झाकण आणि हायग्रोमीटर, म्हणजे पेटीतला आर्द्रतेचा काटा, एकाच झिप पिशवीत घालून नीट बंद करा आणि रात्रभर ठेवा, एसीच्या वाऱ्यात नको. सकाळी पिशवी न उघडताच आकडा बघा. 75 दिसला तर तुम्ही नशीबवान. नाहीतर जो फरक असेल तो कागदावर लिहून पेटीच्या तळाला चिकटवा. बऱ्याच गोल काट्यांना मागे स्क्रू असतो, त्याने काटा जागेवर आणता येतो.

ही तपासणी मी पहिल्या वर्षी केली नाही आणि त्याची पुरेपूर किंमत मोजली. पेटीसोबत आलेला पितळी काट्याचा हायग्रोमीटर दिसायला देखणा होता, म्हणून खरा मानला. तो कायम बासष्ट-त्रेसष्ट दाखवायचा आणि मी त्याला सत्तरवर आणायला इमानेइतबारे पाणी घालत होतो. नंतर मिठासोबत ठेवला तेव्हा पंचाहत्तरच्या जागी सहासष्ट दाखवला. म्हणजे नऊ कमी. मी ज्याला सत्तर समजत होतो ते खरं एकोणऐंशी होतं, आणि तेही पुण्यात, जुलैत. श्रावण लागेपर्यंत सात सिगारांवर निळसर-पांढरी लव आली. वरच्या पानावर किंचित पांढरं असेल तर पुसून निघतं, पण माझ्याकडे ती पेटवायच्या टोकाला, आतल्या पानांत शिरली होती. सातही फेकले. पेटी रिकामी करून आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसली, आठवडाभर उघडी वाळवली आणि पितळी काटा शोकेसमध्ये ठेवून दिला. अजून आहे. पाहुण्यांना आवडतो.

तुमचा शहात्तरचा आकडा खरा आहे की नाही, हे मिठाला विचारल्याशिवाय पुढचं काही करू नका. खरा असेल तर बुरशीच्या उंबरठ्यावर आहात.

आता स्पंज. साध्या पाण्याने भिजवलेला स्पंज थांबत नाही, त्याची ओढ थेट शंभर टक्क्यांकडे असते. म्हणून काही लोक डिस्टिल्ड वॉटरमध्ये निम्मं प्रॉपिलीन ग्लायकॉल घालतात. ते मिश्रण सत्तरच्या आसपास पाणी सोडणं थांबवतं, पण बाहेरून आलेला जास्तीचा दमटपणा काढून घ्यायचं काम त्याला नीट जमत नाही. आणि ठाण्यात जून ते सप्टेंबर नेमकं तेच काम असतं. पेटीचं लाकूड, स्पॅनिश सीडर, श्वास घेतं, झाकणाला केसाएवढी फट असते आणि बाहेर 85 टक्के हवा टपून बसलेली असते. स्पंज काढून टाका. बोव्हेडासारखी दुतर्फा काम करणारी पाकिटं घ्या. त्यांत क्षारांचं संपृक्त द्रावण असतं, म्हणजे मिठाचीच युक्ती, फक्त आकडा आपल्याला हवा तो. हवा कोरडी पडली की ते पाणी सोडतं, दमट झाली की ओढून घेतं. साठ ग्रॅमचं एक पाकीट पेटीतल्या पंचवीस सिगारांच्या जागेला पुरतं. हिशेब जागेचा, आत सिगार किती आहेत याचा नाही. म्हणजे तुम्हाला दोन. वेगवेगळ्या आकड्यांची पाकिटं एकत्र ठेवू नका, एक सोडतं आणि दुसरं पितं, दोन्ही वाया जातात.

आकडा कुठला? पुस्तकी सल्ला 70 टक्के आणि 70 अंश फॅरनहाइट, म्हणजे 21 सेल्सिअस. ठाण्यात 21 अंश घरात बघायला मिळाले तर मला कळवा. आपल्याकडे घर अठ्ठावीस-तीसवर असतं, आणि उष्ण-दमट हवेत बुरशी आणि किडा दोघांचंही फावतं. मी पासष्ट ठेवतो. माझ्या मते ओढायलाही पासष्टच बरं: सिगार सरळ जळतो, ओढ घट्ट होत नाही, मध्येच विझत नाही. सत्तरच्या पुढे पान फुगून फाटतं, साठच्या खाली धूर गरम आणि झणझणीत लागतो. मुंबईच्या पट्ट्यात राहून सत्तरचा हट्ट धरणाऱ्यांशी मी वाद घालत नाही, पण आपले सिगार त्यांच्याकडे ठेवायलाही देत नाही.

आणि आता ते 'पेटी छोटी करा' प्रकरण. जून ते सप्टेंबर लाकडी पेटीवर भरवसा ठेवू नका. पापड-कुरडया आपण पावसाळ्यात कशात ठेवतो? चारी बाजूंनी क्लिप असलेल्या, झाकणाला रबर असलेल्या डब्यात. तसाच एक नवा डबा घ्या. नवाच, कारण मसाल्याचा वास जन्मात जात नाही. त्यात सिगार, सीडरची एखादी पट्टी, एक पाकीट आणि छोटा डिजिटल हायग्रोमीटर, बस. बारा सिगारांना दोन लिटरचा डबा पुष्कळ झाला. पेटीचा मोह सुटत नसेल आणि मोठा डबा मिळाला, तर अख्खी पेटीच त्यात ठेवा. मी तेच करतो. दिसायला बेकार दिसतं, पण काटा महिनाभर एका जागी असतो. दिवाळीनंतर सिगार परत पेटीत.

पाकिटावर बोटाने दाबून लक्ष ठेवा. फुगून पाणीदार झालं तर त्याने खूप दमटपणा पिलाय, म्हणजे डबा कुठेतरी गळतोय. आत कडक खडे लागायला लागले की संपत आलं, बदला. लाकडी पेटीची फट तपासायची तर झाकणात दहाची नोट धरून बंद करा आणि ओढून बघा. चारी बाजूंनी थोडी अडकली पाहिजे. किंवा रात्री दिवे घालवून मोबाइलचा टॉर्च आत लावून ठेवा, उजेड कुठून येतो ते दिसेल.

लाकडाबद्दल एक विषयांतर. स्पॅनिश सीडर हे धड स्पॅनिशही नाही आणि धड सीडरही नाही. ते मध्य आणि दक्षिण अमेरिकेतलं, महोगनीच्या कुळातलं झाड आहे. आपला कडुनिंब त्याच कुळातला. आमच्या सुताराने मला मोठ्या प्रेमाने 'अस्सल सीडर' म्हणून देवदाराच्या पट्ट्या दिल्या होत्या. देवदार खरोखरच सीडर आहे, आणि म्हणूनच चालत नाही: त्याचा तेलकट उग्र वास सिगारला लागतो. तुम्ही एप्रिलमध्ये पेटीच्या आतून ओलं फडकं फिरवलं असेल तर यापुढे नको. लाकूड असमान फुगतं आणि झाकण वाकतं. कोरड्या पेटीला तयार करायला 84 टक्क्यांचं पाकीट दोन आठवडे बंद पेटीत ठेवतात, तेवढंच पुरतं. स्पंज पुन्हा वापरायची वेळ आलीच तर नळाचं पाणी घालू नका, क्षार साचतात. एसीतून गळणारं पाणी तर मुळीच नको, ते दिसतं शुद्ध पण कॉइलवरची घाण घेऊन येतं.

किडा हा पावसाळ्यातला दुसरा पाहुणा. सिगारवर टाचणीने पाडल्यासारखं गोल भोक दिसलं तर तो आलाय. हळदीत आणि सुंठेत जो तांबूस बारीक भुंगेरा सापडतो, तोच हा. त्यामुळे पेटी मसाल्यांच्या कपाटात ठेवू नका. नवे सिगार आले की झिप पिशवीत घालून एक दिवस फ्रिजमध्ये, तीन दिवस फ्रीजरमध्ये, परत एक दिवस फ्रिजमध्ये, आणि मग बाहेर. ही पायरी घाईत केली तर पान तडकतं. घरच्यांना आधी सांगून ठेवा. मी सांगितलं नव्हतं, आणि आईने ती पिशवी कसली आयुर्वेदिक मुळं समजून शेजारच्या काकूंना दाखवली.

जागा म्हणाल तर बेडरूमच्या कपाटातला मधला कप्पा, बाहेरच्या भिंतीला न चिकटलेला. पावसात त्या भिंती ओल धरतात. फ्रिजच्या डोक्यावर आणि एसीच्या समोर नको. पाकीट आणि डबा आल्यावर सगळं बंद करा आणि निदान पंधरा दिवस हात लावू नका. त्यानंतर एक सिगार चिमटीत धरून हलकं दाबा. किंचित दबून परत जागेवर आला तर झालं. कुरकुरला तर अजून कोरडा आहे, दबलेलाच राहिला तर डबा तसाच बंद ठेवून आणखी दोन आठवडे थांबा. तोपर्यंत गणपती येतील. गावी जाताना डब्याची काळजी करू नका, त्या दहा दिवसांत तो कोणी उघडणार नाही हे त्याच्या पथ्यावरच पडेल.