‘लाकूडफाटा’ जाळला तर ‘कार्बन-तटस्थ’ म्हणावं का?

चोपड्याच्या एका वाचकाचा प्रश्न : सातपुड्यात तोडीनंतर उरलेल्या लाकूडफाट्यावर विजेसाठी बॉयलर चालवला, तर त्याला ‘कार्बन-तटस्थ’, म्हणजे हवेतल्या कार्बनमध्ये शून्य भर घालणारा, म्हणणं बरोबर का?

तट म्हणजे काठ. तटस्थ तो, जो तापीच्या काठावर उभा राहून पूर बघतो. जळणारं लाकूड असं काठावर नसतं. पूर्ण वाळलेल्या लाकडाचं निम्मं वजन कार्बनचं, म्हणून एक किलोमागे सुमारे १.८ किलो कार्बन डायऑक्साइड निघतो. तेवढ्याच उष्णतेला दगडी कोळशापेक्षाही जास्त : एका गिगाज्यूलला (हे उष्णतेचं माप) लाकडाचा ११२ किलो, कोळशाचा साधारण ९५. लाकूड ओलं असेल तर उष्णतेचा काही भाग पाणी उडवण्यातच जातो आणि धूर वाढतो तो वेगळाच.

मग ‘शून्य’ आलं कुठून? आंतरराष्ट्रीय हिशेबात हा कार्बन झाड तुटलं तिथेच, जंगलाच्या खात्यात धरतात. दोनदा मोजला जाऊ नये म्हणून ऊर्जेच्या खात्यात शून्य. ते शून्य वहीतलं आहे, धुराड्यातलं नाही.

खरी मेख ‘लाकूडफाटा’ या जोडशब्दात आहे. फाटा म्हणजे फांदी; एसटी थांबते तो फाटाही त्यातलाच, रस्त्याला फुटलेला. फाटा रानात पडला तर वाळवी आणि बुरशी काही वर्षांत त्याचा फडशा पाडतात आणि कार्बन तसाही हवेत जातो. तो जाळला तर तोच कार्बन थोडी वर्षं आधी निघतो; उधारी तेवढ्या वर्षांची. लाकडाचं, म्हणजे ओंडक्या-बुंध्यांचं तसं नाही. सागाच्या नराला, म्हणजे आतल्या टणक गाभ्याला, वाळवी सहसा लागत नाही. तो दशकानुदशकं कार्बन धरून बसतो. तो आज जाळला तर उधारीही तेवढीच लांबते. आणि बॉयलरसाठी मुद्दाम तोडलेलं झाड ‘उरलेलं’ कसलं?

म्हणून ‘तटस्थ’ टाळावं. ‘फाट्यावरची वीज’ किंवा ‘ओंडक्यांवरची वीज’ असं सरळ लिहावं. वाचकाला फरक कळतो.

खानदेशात हे विशेषण कुठे त्यातल्या त्यात शोभेलच, तर कपाशीच्या पऱ्हाट्यांना, म्हणजे वेचणीनंतर उरलेल्या झाडांना. गुलाबी बोंडअळी पुढच्या हंगामात जाऊ नये म्हणून त्या उपटाव्याच लागतात, आणि बऱ्याचदा बांधावरच पेटवल्या जातात. त्याच वाळवून बॉयलरमध्ये नीट जाळल्या तर हवेत नवी भर फारशी पडत नाही. मात्र त्यांच्या भुशाच्या दाबून केलेल्या कांड्यांना बाजारात ‘पांढरा कोळसा’ म्हणतात. त्या ना पांढऱ्या, ना कोळसा. पण ती चर्चा पुन्हा कधी.