कोथरूडच्या मेट्रो स्थानकाचं नाव 'वनाज' का? आणि मेट्रो चांदणी चौकाच्या अलीकडेच का संपते?

तुम्ही लिहिलंय की भूगावला घर घेताय, नोकरी पुणे स्टेशनजवळ आहे. नकाशात मेट्रो चांदणी चौकाच्या अलीकडेच 'वनाज' नावाच्या ठिकाणी संपते, आणि या नावाचं गाव, पेठ किंवा देऊळ काही सापडत नाही. मी वनाजपासून चालत सहा-सात मिनिटांवर लहानाचा मोठा झालो, तेव्हा सांगतो.

वनाज हे गावाचं नाव नाही, कंपनीचं आहे. पौड रस्त्यावर वनाज इंजिनिअर्स नावाचा कारखाना आहे, घरगुती गॅसचे रेग्युलेटर बनवणारा. कोथरूडमध्ये फारशी वस्ती नव्हती तेव्हा रस्त्यावरची ठळक खूण म्हणजे असा एखादा कारखानाच. त्यामुळे बसथांब्याचं नाव 'वनाज कॉर्नर' पडलं आणि तेच सगळ्यांच्या तोंडी बसलं. कंडक्टर दारातून "वनाज, वनाज" ओरडायचा आणि निम्मी बस उतरायची. तिच्यातल्या किती जणांना वनाज म्हणजे काय ते ठाऊक होतं, देव जाणे. कुणी 'वनाझ' लिहितं, कुणी 'वनाज'. मेट्रोच्या पाटीवर 'वनाज' आहे.

या मार्गावरची नावं मला एकंदरीतच आवडतात. आनंदनगर, आयडियल कॉलनी, नळ स्टॉप. पूर्वी तिथं नळ होता आणि त्याच्यापाशी बस थांबायची म्हणून नळ स्टॉप, असं जुनी मंडळी सांगतात. देवळांवरून आणि थोर पुरुषांवरून नावं पडण्याची सवय असलेल्या शहरात एक रेग्युलेटरचा कारखाना आणि एक नळ मेट्रोच्या नकाशावर जाऊन बसले, याची मला अजून गंमत वाटते.

आता तुमचा खरा प्रश्न, इथंच का संपते? त्याचं उत्तर आहे कचरा.

मेट्रोचा मार्ग आखताना आधी विचार करावा लागतो तो गाड्या रात्री कुठं ठेवायच्या याचा. त्यासाठी आगार लागतं. गाड्या धुवायच्या, खालून तपासायच्या, दुरुस्त करायच्या, पहाटे रांगेत सोडायच्या, म्हणजे सलग, लांबरुंद जमीन हवी, तीही मार्गाच्या टोकाशी असली तर उत्तम. वनाज ते रामवाडी या मार्गावर अशी मोकळी सरकारी जमीन शहराच्या मधोमध कुठून मिळणार? कोथरूडला ती होती, कारण पुणे महापालिकेचा जुना कचरा डेपो इथं होता. आमच्या लहानपणी पौड रस्त्याने बसमधून जाताना एका ठरावीक वळणावर खिडक्या धडाधड बंद व्हायच्या. नवा पाहुणा सोबत असला की आई आधीच रुमाल हातात द्यायची. पावसाळ्याच्या पहिल्या आठवड्यात तर खिडकी बंद करूनही उपयोग नसे. पुढे शहराचा कचरा उरुळी देवाची आणि फुरसुंगीकडे जायला लागला (तिथल्या लोकांनी त्याबद्दल केलेली आंदोलनं हा वेगळाच विषय आहे) आणि कोथरूडची जागा रिकामी पडून राहिली.

रिकामी जागा पुण्यात रिकामी राहत नाही. तिथं शिवसृष्टी करायची असं महापालिकेत आधी ठरलं होतं. मग मेट्रोलाही तीच जागा हवी झाली. दोन्ही बाजूंनी बरीच वादावादी, आंदोलनं झाली. शेवटी २०१८ मध्ये तोडगा निघाला तो असा की कचरा डेपोची जागा मेट्रोला आणि शिवसृष्टी चांदणी चौकाजवळ. आंबेगावला जी शिवसृष्टी आहे ती वेगळी, गल्लत करू नका, माझ्या घरीच दोनदा झाली आहे.

तर आगार इथं, म्हणून शेवटचं स्थानकही इथं. प्रवाशांचा हिशोब केला असता तर भूगाव, बावधन, पिरंगुट सगळी गर्दी चांदणी चौकातून येते, म्हणजे टोक तिथं असायला हवं होतं. तुमची तक्रार रास्तच आहे. पण मेट्रो आखली गेली तेव्हा हातात जमीन होती ती इथं.

सनावळी थोडक्यात. पुण्याच्या दोन्ही मार्गांना (हा आणि पिंपरी ते स्वारगेट) मिळून केंद्राची मंजुरी डिसेंबर २०१६ मध्ये आली आणि त्याच महिन्याच्या २४ तारखेला पायाभरणी झाली. वनाजला पहिल्यांदा गाडी धावताना दिसली ती ३० जुलै २०२१ ला, वनाज ते आयडियल कॉलनी अशी चाचणी. अजित पवारांनी भल्या सकाळी हिरवा झेंडा दाखवला. आमच्या सोसायटीच्या गच्चीवर त्या दिवशी दूधवाल्यासकट सगळे हजर होते. प्रवासी सेवा सुरू झाली ६ मार्च २०२२ ला, वनाज ते गरवारे कॉलेज, पाच किलोमीटर, पाच स्थानकं. पंतप्रधान गरवारेला तिकीट काढून बसले आणि आनंदनगरला उतरले. वनाजपर्यंत आलेच नाहीत, एका स्थानकाने हुकलो. त्या संध्याकाळी आम्ही मात्र वनाजला चढलो, गरवारेला उतरलो आणि परत आलो. काम काहीच नव्हतं. डब्यातल्या निम्म्या लोकांना नव्हतं. माझ्यासमोर एक आजी बसल्या होत्या. खिडकीतून खाली बघत त्या नातवाला सांगत होत्या, "तो बघ आपला वाणी, केवढासा दिसतोय."

ही पाच किलोमीटरची सहल म्हणून लोकांनी तेव्हा भरपूर टिंगल केली. तिचं रूपांतर रोजच्या वापरात झालं ते १ ऑगस्ट २०२३ ला, मार्ग रुबी हॉलपर्यंत गेला आणि सिव्हिल कोर्टला पिंपरीची लाइन जोडली गेली तेव्हा. त्या वेळी वनाजहून रुबी हॉलपर्यंत २५ आणि पिंपरी-चिंचवडपर्यंत ३५ रुपये भाडं ठरलं. मार्च २०२४ मध्ये रामवाडी आणि सप्टेंबर २०२४ मध्ये स्वारगेट जोडलं गेलं. तुम्हाला पुणे स्टेशनला जायचंय, तर गाडी बदलायचीच नाही, वनाजला बसा आणि सरळ उतरा. फक्त पिंपरी किंवा स्वारगेटला जायचं असेल तेव्हा सिव्हिल कोर्टला (पाटीवर 'जिल्हा न्यायालय' दिसेल) उतरून खाली जमिनीच्या पोटात जायचं. तेहतीस मीटर खोल आहे फलाट, सरकते जिने एकापाठोपाठ एक. घाईत असाल तर हातात पाच मिनिटं जास्त ठेवा.

वनाज स्थानकाची रचना समजायला सोपी आहे. पौड रस्त्याच्या दुभाजकातून खांब आलेत आणि स्थानक रस्त्याच्या डोक्यावर बसलंय. खाली रस्ता, पहिल्या मजल्यावर तिकीट, बॅगतपासणी आणि आत जायची फाटकं, त्याच्यावर फलाट. फलाट दोन, दोन्ही बाजूंना, मधे रूळ. जिने, सरकते जिने आणि लिफ्ट रस्त्यावरून थेट वर जातात. रस्त्याच्या दोन्ही बाजूंनी वर चढता येतं, म्हणून आसपासचे बरेच जण मेट्रोत न बसताही पलीकडे जायला याच जिन्यांचा वापर करतात. संध्याकाळी सातला पौड रस्ता चालत ओलांडायचा प्रयत्न केला असेल, तर का ते कळेल. शेवटचं स्थानक असल्याने इथून चुकीच्या दिशेने जाण्याची सोयच नाही, पण पुढची गाडी कुठल्या फलाटावरून सुटते ते वर चढण्याआधी फलकावर बघून घ्या. आणि सकाळी जागा मिळते. हा सुरुवातीच्या स्थानकाचा फायदा आहे, नळ स्टॉपवाल्यांना विचारा. त्या नळ स्टॉपला डाव्या-उजव्या बाजूला बघत राहा, तिथं एकाच खांबांवर खाली वाहनांचा उड्डाणपूल आणि वर मेट्रो असा दुमजली प्रकार आहे.

आता तुमच्या कामाचं. वनाज ते चांदणी चौक हा वाढीव मार्ग केंद्रीय मंत्रिमंडळाने २५ जून २०२५ ला मंजूर केला आहे, रामवाडी ते वाघोलीच्या मार्गासोबत. दोन्ही मिळून पावणेतेरा किलोमीटर, तेरा स्थानकं, खर्च सुमारे ३,६२६ कोटी. त्यातली आपल्या बाजूला दोनच, कोथरूड बस डेपो आणि चांदणी चौक. चार वर्षांत पूर्ण करायचं असं तेव्हा सांगितलं होतं. घर घेताना त्या तारखेवर हप्त्याचं गणित मांडू नका, असा माझा सल्ला आहे. तोवर भूगावहून बस, रिक्षा किंवा दुचाकीने वनाज गाठावं लागेल. दुचाकीने येणार असाल तर आधी एका कामाच्या दिवशी साडेनऊला येऊन बघा गाडी कुठं लावता येते ते. रविवारी बघून गेलात तर फसाल.