ऐरोलीत आंबेडकरी लोककवी वामनदादा कर्डकांच्या गाण्यांचा दीड तासाचा कार्यक्रम हौशी मुला-मुलींकडून कसा बसवावा?

तुम्ही लिहिलंय की एप्रिलमध्ये डॉ. आंबेडकर जयंतीच्या आठवड्यात ऐरोलीत कार्यक्रम आहे, गाणारी मुलं-मुली हौशी आहेत, पेटी आणि ढोलकी वाजवणारे मिळालेत. निवेदनात वामनदादा कसे घडले हेही सांगायचंय. गाणी कशी निवडायची आणि ऐनवेळी काय बिघडतं, असा तुमचा प्रश्न.

प्रत्येक निर्णय घेताना एवढंच विचारा: शब्द शेवटच्या रांगेपर्यंत पोचतोय का? वामनदादांच्या गाण्यात मुद्दा मांडलेला असतो. मुखड्यात तो सांगतात, अंतऱ्या-अंतऱ्यात तो पटवून देतात. मधली एक ओळ ढोलकीखाली दबली तर पुढच्या अंतऱ्याला आधारच उरत नाही.

निवेदनही याच धाग्यावर ठेवा. जन्म 15 ऑगस्ट 1922, देशवंडी, तालुका सिन्नर, जिल्हा नाशिक. लहानपणी गावात लेझीम आणि तमाशा. पुढे मुंबईत मजुरी, आणि अक्षरओळख झाली तीही मोठेपणी, मुंबईतच. म्हणून त्यांची कविता मुळात कानासाठी घडलेली आहे. 1943 च्या सुमाराला ते गाणी रचू लागले, तेव्हा हिंदी सिनेमाच्या चाली हाताशी होत्या. कव्वालीचा बाजही त्यांच्या गाण्यांना सहज मानवला. त्याआधीची पार्श्वभूमी जलशांची, म्हणजे गाणी आणि संवादांतून समाजजागृती करणाऱ्या कार्यक्रमांची. सत्यशोधक जलशांनी तमाशाचा साचा घेतला, पण कृष्ण-गोपींची गवळण काढून तिथे समाजाचे प्रश्न आणले, आणि आंबेडकरी जलसे त्याच वाटेने पुढे गेले. नाशिक जिल्ह्यात भीमराव कर्डकांचा जलसा गाजलेला होता. हे भीमराव वेगळे आणि वामनदादा वेगळे. निवेदक आडनावावरून घोळ घालतात, तेव्हा संहितेत दोन्ही नावं पूर्ण लिहा. 2 मार्च 1930 ला काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला तेव्हा वामनदादा सात वर्षांचे होते, हे एक वाक्य सांगितलं तरी काळ डोळ्यांसमोर उभा राहतो. निधन 15 मे 2004.

गाण्यांचे शब्द यूट्यूबवरून उतरवून घेऊ नका. गायनपार्ट्यांनी सोयीने शब्द बदललेत, आणि दुसऱ्या कवींची गाणीही वामनदादांच्या नावावर फिरतात. ‘वाटचाल’, ‘मोहळ’ या संग्रहांतून शब्द पडताळा. ठाण्याच्या मराठी ग्रंथसंग्रहालयात आणि ऐरोलीच्या डॉ. आंबेडकर स्मारकातल्या ग्रंथालयात आधी चौकशी करा.

दीड तासात नऊ-दहा गाणी पुरतात. एक गाणं सहा मिनिटांचं धरा, मध्ये दीड-दोन मिनिटांचं निवेदन, बाकीचा वेळ वाद्यं लावण्यात जातो. वेळ वाचवायला अख्खं गाणं गाळा, पण शेवटचा अंतरा कधीही कापू नका. वामनदादा बहुतेकदा तिथे ‘वामन’ हे नाव गुंफतात, अभंगात किंवा गझलेत कवीचं नाव येतं तसं. तो अंतरा गेला की गाण्यातला माणूसच निघून जातो. कार्यक्रम लांबला की सगळ्यात आधी हाच अंतरा कापला जातो आणि याचं मला फार वाईट वाटतं.

आता वृत्त. हौशी गायकांची गाडी इथेच सर्वात जास्त अडते. ‘भीमा तुझ्या मताचे जर पाच लोक असते’ ही ओळ आनंदकंद वृत्तात आहे: गागालगा लगागा, गागालगा लगागा (‘गा’ म्हणजे दोन मात्रांचं दीर्घ, ‘ल’ म्हणजे एका मात्रेचं ऱ्हस्व). 24 मात्रा, बरोबर बारावर विसावा. म्हणजे श्वास ‘मताचे’नंतर घ्यायचा. ‘जर’नंतर घेतला तर अट एकीकडे आणि पाच लोक दुसरीकडे पडतात. पुढच्या ओळीत ‘तलवारीचे तयांच्या’ आहे, तिथे ‘री’ लिहिताना दीर्घ असली तरी गाताना ऱ्हस्वच हवी. ती लांबवली की एक मात्रा वाढते, ढोलकीवाला पुढे निघून जातो आणि गायक मागून धावतो. मुलांना चाल शिकवण्याआधी प्रत्येक गाणं हातावर ताल देत नुसतं म्हणायला लावा. दोन ओळी अडखळल्याशिवाय आल्या की मगच पेटी उघडा.

एकाच गाण्याच्या दोन-तीन चाली ऐकायला मिळतात. त्यातली कमी हरकतींची निवडा. ताल केरवा, आठ मात्रांचा, मध्यम लयीत. टाळ्या येऊ लागल्या की लय आपोआप चढते, आणि शब्द आधी मरतात ते तिथेच. लय धरून ठेवायची जबाबदारी एकाच माणसाची, आणि तो ढोलकीवाला असावा. कोरसच्या टाळीमागे त्याने जायचं नाही, हे सरावातच ठरवून टाका.

पट्टीचं, म्हणजे पेटीच्या कोणत्या पट्टीला ‘सा’ धरून गायचं याचं, गणित आधीच करा. मुलांना साधारण काळी एक-काळी दोन सोयीची, मुलींना काळी चार-काळी पाच. एकाच गाण्यात दोघांचा कोरस ठेवला तर एका बाजूला खर्जात गुणगुणावं लागतं. मुलीचं गाणं असेल तर कोरस मुलींचा, मुलांनी फक्त मुखड्याची शेवटची दोन-तीन अक्षरं उचलायची.

ढोलकीची शाईची (काळ्या वर्तुळाची) बाजू षड्जाला, म्हणजे गायकाच्या ‘सा’ला लावतात. काळी एकची ढोलकी ओढून काळी चारवर न्यायला गेलात तर कातडं फाटतं, आणि ते ऐन कार्यक्रमात फाटतं. दोन ढोलक्या आणा, एक खालच्या पट्टीची, एक वरच्या. त्याहून चांगलं म्हणजे गाण्यांचा क्रमच पट्टीनुसार लावा: पूर्वार्ध मुलींचा, उत्तरार्ध मुलांचा. हवेचाही विचार करा. ऐरोलीत मोकळ्या मैदानावर संध्याकाळी खाडीकडची दमट हवा आली की कातडं सैल पडून सूर उतरतो, आणि एसी सभागृहात तेच कोरडं पडून चढतं. वाद्यं तासभर आधी मंचावर नेऊन ठेवा आणि मगच लावा. बेंजो असेल तर तो गायकाच्या ओळीवर वाजता कामा नये. दोन ओळींमधली जागा त्याची.

माइक पाच पुरेत: मुख्य गायक, कोरसला दोन, पेटी, ढोलकी. कव्वालीचा बाज म्हटलं की साउंडवाले ‘इको’ भरपूर देतात. निवेदनाला तो पूर्ण बंद आणि गाण्याला अगदी नावापुरता, हे त्यांना लिहून द्या. साउंड तपासताना एकाला शेवटच्या रांगेत बसवा, हातात गाण्याचा कागद न देता. त्याने ऐकलेली ओळ परत म्हणून दाखवली तरच ढोलकीचा आवाज ठीक आहे.

मैदानात असेल तर ध्वनिक्षेपकाची परवानगी पोलीस ठाण्यातून आधीच काढा, रात्री 10 ला बंद. सात वाजता सुरू केलंत तर घाई होत नाही. साउंडवाले आणि वादक त्या आठवड्यात मिळत नाहीत, बुकिंग फेब्रुवारीतच उरका.

गाण्यांच्या शब्दांवर कवीच्या निधनानंतर 60 वर्षं हक्क असतो, म्हणजे वामनदादांच्या बाबतीत 2064 अखेरपर्यंत. हौशी मंडळाच्या, तिकीट नसलेल्या कार्यक्रमाला कायद्यात सवलत आहे. तिकीट लावणार असाल किंवा चित्रीकरण यूट्यूबवर टाकणार असाल तर वारसांची किंवा प्रकाशकाची लेखी परवानगी घ्या, आणि काहीही असलं तरी प्रत्येक गाण्याआधी कवीचं नाव मंचावरून उच्चारा.