सत्तर लाखांच्या घराचा हिशेब

"मॅडम, आत्ता नाही घेतलं तर पुन्हा कधी जमायचंच नाही. बरोबर ना?"

खुर्चीत नीट बसायच्या आधीच त्याने विचारलं. बायको शेजारी बसली, पर्स मांडीवर घट्ट धरून. वय पस्तिशीच्या आसपास, मुलगी दुसरीत. पुण्यात कोथरूडला भाड्याने राहतात. तो हिंजवडीत नोकरीला, ती पौड रस्त्यावरच्या एका शाळेत शिक्षिका. (नावं देत नाही, आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.) पुनावळ्यातल्या एका नव्या इमारतीत दोन बेडरूमचा फ्लॅट बघितला होता, एक लाखाचं टोकनही देऊन झालं होतं, आणि तेव्हापासून दोघांत धड बोलणं नव्हतं. "हिला ते घर कधी आवडलंच नाही," तो म्हणाला. ती गप्प.

गेल्या काही वर्षांत माझ्याकडे समुपदेशनाला येणाऱ्या तरुण जोडप्यांच्या भांडणांत घराचा विषय हटकून निघतो. आणि प्रश्न जवळजवळ याच शब्दांत येतो: दर वाढतच चाललेत, थांबलो तर हुकेल का? ही भीती खोटी नाही. पण भीतीच्या भरात माणूस फक्त किंमत ऐकतो, हिशेब करत नाही. म्हणून मी आधी कागद-पेन पुढे केलं.

बोर्डावरची किंमत सत्तर लाख. विक्री करणाऱ्या मुलाने सांगितलेला दर चौरस फुटाला साधारण साडेसात हजार. मी विचारलं, कशावर? ९३५ फुटांवर, म्हणजे जिना, लॉबी, क्लब हाऊस सगळं धरून. कार्पेट, म्हणजे घराच्या आतली प्रत्यक्ष वापरायची जागा, किती? त्याने मोबाइल काढून शोधलं. ६९०. घरखरेदीचे व्यवहार नियंत्रित करणारा रेरा कायदा आल्यापासून कार्पेट क्षेत्रफळच सांगायला हवं, तरी तोंडी गप्पांत जुना आकडा अजून फिरतोच. सत्तर लाखांना ६९० ने भागलं की दर दहा हजारांच्या वर जातो. शिवाय बांधकाम चालू असलेल्या घरावर पाच टक्के जीएसटी, म्हणजे साडेतीन लाख. मुद्रांक शुल्क सात टक्के, चार लाख नव्वद हजार. नोंदणी तीस हजार. बेरीज अठ्ठ्याहत्तर लाख सत्तर हजार. आणि हे किचनची ट्रॉली, ग्रिल, पंखे-दिवे आणि मेंटेनन्सची आगाऊ रक्कम सोडून.

"बँक देते ना," तो म्हणाला. बँक एवढ्या कर्जाला घराच्या किमतीच्या ऐंशी टक्क्यांपर्यंत देते, मुद्रांक शुल्क आणि नोंदणी त्यात धरत नाही. म्हणजे कर्ज छप्पन्न लाख, उरलेले बावीस-तेवीस लाख खिशातून. यांची स्वतःची शिल्लक होती अकरा.

"बाकीचे बाबा देणार आहेत," ती पहिल्यांदा बोलली.

बाबा म्हणजे त्याचे वडील. कराडला असतात, एसटीतून कंडक्टर म्हणून निवृत्त झालेले. पुढच्या भेटीला मी त्यांनाही बोलावलं. ते आले, खिशातून प्लॅस्टिकची पिशवी काढली, तिच्यातून घडी घातलेली बँकेच्या ठेवीची पावती काढून टेबलावर हाताने सपाट केली. बारा लाख. "बघा ताई, मी उभं आयुष्य डेपोच्या आसपास भाड्याच्या खोल्यांत काढलं. पोराचं पुण्यात घर झालं की मी मोकळा." पेन्शन किती मिळते विचारलं तर म्हणाले, तीन हजारांच्या आत-बाहेर. मुलगा खाली बघत राहिला. त्याला हे माहीत नव्हतं असं नाही, पण बारा लाख दिल्यावर बाबांच्या हातात काय उरतं, ही वजाबाकी त्या घरात कोणी मोठ्याने केली नव्हती.

बापाने मुलाला घरासाठी पैसे देणं मला चुकीचं वाटत नाही. आपल्याकडे घरं अशीच उभी राहतात. पण देणाऱ्याच्या दवाखान्याचा खर्च बाजूला काढून मगच घ्यावेत, हे मी स्पष्ट सांगते, आणि देणाऱ्याच्या समोर सांगते.

मग हप्ता. छप्पन्न लाख, साडेआठ टक्के, वीस वर्षं: महिना साधारण अठ्ठेचाळीस हजार सहाशे. दोघांचे मिळून हातात येतात एक लाख पंधरा हजार. त्यातले तेहेतीस हजार तिचे. ताबा दोन वर्षांनी. तोवर कोथरूडचं चोवीस हजार भाडं चालू, आणि बांधकामाच्या टप्प्यांप्रमाणे बँकेने जेवढे पैसे सोडले तेवढ्यावरचं व्याजही चालू. शेवटच्या टप्प्यात हे व्याजच पस्तीस-चाळीस हजारांवर जातं. "ओढाताण होईल, पण दोन पगारांत निभेल," तो म्हणाला, आणि ते खरंही होतं.

मी त्यांना एकच काम दिलं. रविवारी गाडी पाठवून साइट दाखवतात, तसं नको. सोमवारी सकाळी शाळेच्या वेळेला पुनावळ्याहून निघायचं, थेट पौड रस्त्यापर्यंत. आणि शेजारच्या राहत्या इमारतीच्या वॉचमनशी पाच मिनिटं बोलायचं.

पुढच्या वेळी ती वहीत लिहून घेऊन आली. जायला एक तास वीस मिनिटं. शेजारच्या इमारतीत उन्हाळ्यात रोजचे टँकर, खर्च मेंटेनन्समध्ये. त्याला मात्र तिथून ऑफिस अगदी जवळ, हेही तिने प्रामाणिकपणे लिहिलं होतं. मी वही बघत होते आणि ती हळू आवाजात म्हणाली, "मॅडम, तिथे राहायला गेलो तर मला ही नोकरी सोडावी लागेल. मुलगी साडेबाराला सुटते. मी घरी पोचणार तीनला."

तो चमकून म्हणाला, "अगं, मग आधी का नाही बोललीस?"

"तुम्ही दोघं एवढे खूश होता. बाबांनी पावती काढून ठेवली होती. मी कशी मध्ये येऊ?"

सगळा हिशेब दोन पगारांवर उभा होता, आणि ते घर घेतलं की एक पगार जाणार होता. ब्याऐंशी हजारांतून अठ्ठेचाळीस हजार हप्ता. तिकडे कदाचित दुसरी शाळा मिळाली असती, पण पगार किती आणि केव्हा, हे कोणी सांगू शकत नव्हतं. म्हणून मी या जोडप्यांना विचारते: हप्ता ज्या कमाईतून जाणार, ती कमाई त्या घरात राहून टिकेल का? किंमत बिल्डर सांगतो, कर्ज बँक सांगते. हे मात्र घरातल्या माणसांनाच एकमेकांना सांगावं लागतं. आणि ते बहुतेक वेळा तिच्याच पोटात राहतं, कारण नाही म्हणणारी बाई आनंदाच्या आड आली असं धरलं जातं.

टोकन दिलं म्हणजे घर घेतलं असं होत नाही, हेही त्यांना माहीत नव्हतं. नोंदणीकृत करार केल्याशिवाय बिल्डरला दहा टक्क्यांहून जास्त रक्कम घेताच येत नाही. महारेराच्या, म्हणजे रेरा कायद्याखालच्या राज्याच्या प्राधिकरणाच्या, संकेतस्थळावर प्रकल्पाचा नोंदणी क्रमांक टाकला की ताब्याची मूळ तारीख, वाढवून घेतलेली तारीख, कोर्टकज्जे सगळं दिसतं. या प्रकल्पाची तारीख एकदा पुढे गेलेली होती. टोकन परत मिळवायला त्यांना अडीच महिने खेटे घालावे लागले, पण मिळालं.

सात-आठ महिन्यांनी त्यांनी वारज्यात घर घेतलं. नवंच, पण भोगवटा प्रमाणपत्र (इमारत पूर्ण, राहायला हरकत नाही, असा दाखला) हातात आलेलं, त्यामुळे जीएसटी नाही. कार्पेट ५४०, किंमत बासष्ट लाख. चौरस फुटाचा दर बघितला तर पुनावळ्यापेक्षा महागच. सगळं धरून सदुसष्टच्या आत बसलं आणि भाडं त्याच महिन्यात थांबलं. बाबांकडून चार लाख घेतले, आठ लाखांची ठेव त्यांच्याच नावावर राहिली. यावर ते रुसले होते. कराडहून आले की हॉलमध्ये अंथरूण टाकून झोपतात, कारण तिसरी खोली नाही. त्याला आता ऑफिसला जायला चाळीस मिनिटं जास्त लागतात.

दोघं अजून महिन्यातून एकदा येतात. मागच्या भेटीत तो म्हणाला, "खरं सांगू, त्या सँपल फ्लॅटची गॅलरी अजून डोळ्यांपुढून हलत नाही."

ती त्याच्याकडे बघून म्हणाली, "माझ्याही. मी तिथे दहा मिनिटं उभी होते. तुळस कुठे ठेवायची तेही ठरवलं होतं."

त्याला हे माहीत नव्हतं.