रात्री धावत नकाशावरून वाट काढायची असेल तर हेडलॅम्प कसा निवडावा?

तुमचा प्रश्न असा आहे: आतापर्यंत रात्री फक्त पायवाटेवर धावलात, आता नकाशा आणि होकायंत्र घेऊन रात्रीच्या ओरिएंटियरिंगमध्ये उतरायचंय, तीन-चार तास बाहेर राहायचंय, तर किती लुमेनचा हेडलॅम्प घ्यावा?

लुमेनवरून सुरुवात करू नका. आधी हे बघा की लागणारा उजेड तो दिवा लागतील तेवढे तास टिकवतो का. मग झोताचा आकार, मग त्या झोतात हातातला नकाशा वाचता येतो का. लुमेन यातून आपोआप ठरतात.

खोक्यावरचे आकडे बहुधा एफएल-१ या मानकाप्रमाणे मोजलेले असतात. ते कसे मोजतात हे कळलं की अर्धी फसगत टळते. लुमेन म्हणजे दिव्यातून बाहेर पडणारा एकूण उजेड, आणि तो मोजतात दिवा लावल्यापासून ३० सेकंद ते २ मिनिटं या काळात. तिसऱ्या मिनिटाला दिवा तापून निम्म्यावर आला तरी छापलेला आकडा खोटा ठरत नाही. ‘किती तास चालतो’ हे मोजतात उजेड सुरुवातीच्या १० टक्क्यांवर येईपर्यंत. म्हणजे ‘६०० लुमेन, ८ तास’ यातले शेवटचे कित्येक तास तुम्ही ७०-८० लुमेनवर धडपडत असू शकता. आणि झोताचा पल्ला मोजतात उजेड ०.२५ लक्सवर (लक्स म्हणजे एखाद्या जागेवर पडणाऱ्या उजेडाचं माप) येतो तिथपर्यंत, म्हणजे साधारण पौर्णिमेच्या चांदण्याइतका. चांदण्यात मोकळ्या माळावरून चालता येतं, धावताना दगड कुठे आणि खळगा कुठे ते कळत नाही. मी धावण्यासाठी किमान ४ लक्स धरतो. उजेड अंतराच्या वर्गाच्या प्रमाणात घटतो, त्यामुळे ४ लक्सचा पल्ला छापलेल्या पल्ल्याच्या एक चतुर्थांश येतो. १२० मीटर लिहिलं असेल तर कामाचे ३० मीटर समजा.

त्याच नियमामुळे दुप्पट लांबचं दिसायला चौपट उजेड लागतो. ४०० ऐवजी ८०० लुमेन लावले आणि झोत तसाच ठेवला, तर पल्ला वाढतो जेमतेम १.४ पट, आणि बॅटरी संपते निम्म्या वेळात.

बॅटरीचा हिशेब स्वतः करा, तो सोपा आहे. १८६५० आकाराचा चांगला सेल ३५०० एमएएचचा असतो. त्याला ३.६ व्होल्टनं गुणलं की १२.६ वॅट-तास. सर्किटमधली आणि काचेतली गळती धरून एका वॅटला साधारण १०० लुमेन बाहेर पडतात असं मानलं, तर हातात सुमारे १२५० लुमेन-तास येतात: ४०० लुमेन तीन तास, किंवा २०० लुमेन सहा तास. २१७०० आकाराचा ५००० एमएएचचा सेल घेतला तर १८ वॅट-तास, म्हणजे ४०० लुमेन साडेचार तास. चांगला दिवा याहून थोडं जास्त काढतो, पण दुप्पट-तिप्पट नाही. ३५०० एमएएचवर कोणी ‘सलग १००० लुमेन, १० तास’ म्हणत असेल तर ते शक्यच नाही.

उजेड बॅटरीबरोबर हळूहळू मावळतो, की शेवटपर्यंत एकसारखा राहतो, तेही तपासा. एकसारखा उजेड देणारा दिवा धावायला फार बरा, पण त्याचं दुखणं शेवटी कळतं. सेलचं संरक्षण-सर्किट व्होल्टेज फार उतरल्यावर वीज तोडतं आणि ऐन उतारावर एकदम काळोख होतो. म्हणून बॅटरी संपत आल्याची खूण आणि त्यानंतर तास-अर्धा तास मंद चालणारा राखीव उजेड, या दोन गोष्टी असल्याच पाहिजेत. नसतील तर तो दिवा मी घेणार नाही, मग बाकी कितीही चांगला असो.

आता गरज किती? ताशी १० किलोमीटर वेगानं धावताना सेकंदाला २.८ मीटर पुढे जाता. पाय कुठे पडणार हे चार-पाच सेकंद आधी दिसायला हवं, म्हणजे ११ ते १४ मीटर. मळलेल्या वाटेवर त्याला १५०-२५० लुमेन पुरतात. दगडधोंड्यांच्या उतारावर ३००-५०० लागतात. पण वाट सोडून रानात शिरलात की प्रश्नच बदलतो. तिथे पायाखालच्या जोडीला भूरूप दिसावं लागतं: उतार कुठे मोडतो, समोरची काळी पट्टी ओढा आहे की नुसती झाडी, मोकळी जागा कुठे सुरू होते. त्यासाठी ६०-८० मीटरपर्यंतचं स्पष्ट दिसायला हवं आणि ६०० ते १००० लुमेन हाताशी असलेले बरे. हाताशी म्हणजे बटणावर, सतत नव्हे. चार तासांतला बराचसा वेळ ३०० वर निघतो. मोठा झोत दिशा घेताना, वाट फुटते तिथे आणि कंट्रोल (नकाशावर दाखवलेली, गाठायची खुणेची जागा) शोधताना काही सेकंद लावायचा. फिनलंडच्या युकोलासारख्या रात्रभराच्या रिलेत वरच्या फळीतले धावपटू याच्या कितीतरी पट उजेड डोक्यावर घेऊन पळतात, पण ते रानातून सरळ रेषेत पूर्ण वेगानं जातात. तुम्ही सुरुवातीला वाटा, ओढे आणि डोंगराच्या सोंडांच्या कडेनं जाणार. तिथे एवढ्या उजेडाची गरज नसते.

झोत एकवटलेला हवा की पसरट? दोन्ही. नुसता एकवटलेला असेल तर उजेडाच्या वर्तुळात तेवढंच जग उरतं, बाजूची फुटलेली वाट सहज निसटते आणि तासाभरात डोकं जड होतं. नुसता पसरट असेल तर जवळचं गवत लख्ख आणि वीस मीटरवर काळोख. वेगवेगळ्या भिंगांमागे दोन एलईडी असलेला आणि दोन्ही एकत्र लावता येणारा दिवा सगळ्यात सोयीचा. भिंग पुढे-मागे सरकवून झोत बदलणारे दिवे दुकानात छान दिसतात, पण धावताना एका वेळी एकच काहीतरी मिळतं, आणि त्या सरकत्या भागातूनच पाणी शिरतं.

दिवा डोळ्यांच्या जवळ असला की सावल्या दगडांच्या मागे लपतात. जमीन सपाट भासते आणि ठेच लागते. उजेड वाढवून हे सुटत नाही. कंबरेला किंवा हातात दुसरा लहान दिवा घेतला की सावल्या परत येतात आणि खोली कळू लागते. उलट रात्रीच्या कंट्रोलवर लावलेली परावर्तक पट्टी डोक्यावरच्या दिव्यालाच जास्त चमकते, कारण ती उजेड आला तिकडेच परत पाठवते आणि तुमचे डोळे तिथेच असतात. म्हणून मुख्य दिवा डोक्यावरच ठेवा.

आता नकाशा. नुसतं धावणाऱ्यांसाठी लिहिलेल्या सल्ल्यात हा भाग नसतोच. नकाशा डोळ्यांपासून ४० सेंटीमीटरवर असतो. १२० मीटर पल्ल्याच्या दिव्याची तीव्रता सुमारे ३६०० कँडेला असते, आणि ४० सेंटीमीटरवर तिचे २० हजारांहून जास्त लक्स होतात. वाचायला शंभर लक्स भरपूर झाले. पांढऱ्या कागदावरून तो उजेड डोळ्यांवर आदळला की नजर वर केल्यावर समोर काही सेकंद काहीच दिसत नाही. अंधाराला पूर्ण सरावायला डोळ्यांना २० ते ३० मिनिटं लागतात. ते सगळं टिकवणं हेडलॅम्पखाली जमत नाही, पण आहे तेवढं तरी घालवू नका.

उपाय असा. दिव्याचा कोन असा लावा की झोताचा गाभा १२-१५ मीटरवर जमिनीला टेकेल. नकाशा छातीच्या खाली, गाभ्याच्या बाहेर धरा आणि मान न वाकवता फक्त नजर खाली न्या. झोताच्या कडेचा उजेड वाचायला पुरतो. नकाशा घडी घालून अंगठा आपल्या जागेवर ठेवला की शोधाशोध वाचते. नकाशाचं प्लास्टिक चकचकीत असेल तर तो नजरेच्या अगदी काटकोनात धरू नका, कारण दिवा आणि डोळे एकाच दिशेला असल्यानं चकाकी सरळ तोंडावर येते. थोडा तिरपा केला की ती निघून जाते. घेतानाच खरखरीत, न चमकणारी पिशवी घेतली तर हा त्रास बराच कमी होतो. दिवा निवडताना हे बघा: मोठ्या उजेडावरून लहानावर एका दाबात येता येतं का, तेही हातमोजे घालून? मधे लुकलुकणारा प्रकार येत असेल तर तो दिवा सोडून द्या.

समोरची वस्तू जवळ आली की आपोआप मंद होणारे दिवे नकाशा वाचायला खरंच सोयीचे आहेत. फक्त तोंडाची वाफ, पाऊस, डोळ्यांपुढे आलेली फांदी किंवा परावर्तक पट्टी यांनाही ते ‘जवळची वस्तू’ समजतात आणि नको तेव्हा मंदावतात. हे सेन्सर बंद करता येत असेल तरच घ्या.

रंगांचंही बघायला हवं. ओरिएंटियरिंगच्या नकाशात समोच्च (सारख्या उंचीच्या) रेषा तपकिरी, झाडीची दाटी हिरवी, मोकळी जागा पिवळी, पाणी निळं आणि स्पर्धेचा मार्ग जांभळा असतो. निळसर पांढऱ्या, ६५०० केल्विनच्या (केल्विन हे उजेडाच्या छटेचं माप) स्वस्त एलईडीत लाल छटा कमी असते, त्यामुळे हिरव्यावरच्या तपकिरी रेषा मळकट होऊन हरवतात. ४००० ते ५००० केल्विन आणि सीआरआय (रंग किती खरे दिसतात त्याचं माप) ८० च्या वर, शक्यतो ९०, असा एलईडी बघा. त्याच बॅटरीत थोडे लुमेन कमी मिळतात, पण नकाशासाठी ते सोडायला माझी हरकत नाही. लाल दिवा मात्र या नकाशाला अजिबात चालत नाही. त्यात पांढरा आणि पिवळा सारखेच दिसतात, तपकिरी आणि जांभळ्या रेषा फिक्या पडतात.

होकायंत्राची चाचणी घरीच होते. ते टेबलावर सपाट ठेवा, सुई स्थिर होऊ द्या आणि दिवा अर्ध्या मीटरवरून हळूहळू जवळ आणा, एकदा बंद, एकदा पूर्ण उजेडावर. सुई ज्या अंतरावर हलते त्याच्या दुप्पट अंतर कायम राखा. डोक्यावरच्या दिव्याचा सहसा त्रास होत नाही. चुंबकी चार्जिंगचा किंवा चुंबकी बुडाचा दिवा छातीवर किंवा कंबरेला लावला तर मात्र दिशा चुकते. पाण्याच्या नळीची चुंबकी क्लिप आणि फोन हेही त्यातलेच.

वजन जितकं पुढे, तितका दिवा उड्या मारतो. एका तुकड्यात १०० ग्रॅमपर्यंत कपाळावर चालतं. त्यापुढे बॅटरी डोक्यामागे हवी, आणि एकूण दोनशेच्या वर गेलं की डोक्यावरून जाणारा जादा पट्टा. याहून मोठी बॅटरी पाठीवरच्या पिशवीत ठेवून वायर वर आणतात. तेव्हा वायरीला मान वळण्यापुरती ढील ठेवून बाकीची क्लिपनं बांधा, नाहीतर पहिलीच फांदी ती उपटते. कोन बदलायचा दातेरी सांधा ढिला असेल तर दिवा प्रत्येक पावलाला खाली झुकतो. दुकानातच डोकं जोरात हलवून बघा.

पावसासाठी आयपीएक्स-४ हा पाण्यापासून बचावाचा दर्जा पुरतो. ओढे पार करायचे असतील तर आयपीएक्स-७, म्हणजे १ मीटर पाण्यात ३० मिनिटं. थंडीत लिथियम-आयन सेलची क्षमता घटते, म्हणून जादा सेल अंगालगतच्या खिशात ठेवा. एएए अल्कलाइन सेल थंडीत आणि जास्त उजेडाला दोन्हीकडे लंगडे पडतात. धुक्यात दिवा डोक्यावरून काढून हातात, गुडघ्याच्या उंचीवर धरा आणि उजेड कमी करा. पिवळा उजेड धुकं भेदतो हे खरं नाही. धुक्याचे थेंब प्रकाशाच्या लहरींपेक्षा खूप मोठे असतात आणि सगळे रंग जवळजवळ सारखेच विखुरतात.

सोबत दुसरा दिवा हवाच, ३०-५० ग्रॅमचा, स्वतःच्या वेगळ्या बॅटरीचा. मुख्य दिव्याचा सेल अंधारात बदलायलाही तोच लागतो. सेल कुठल्या बाजूनं जातो याची खूण चिकटपट्टीनं करा आणि डोळे मिटून बदलायचा सराव करा. पिशवीत बटण दाबलं जाऊन दिवा आपोआप लागू नये म्हणून लॉकची सोय बघा. यूएसबी-सी असूनही काही दिवे सी-टू-सी केबलवर चार्जच होत नाहीत, त्यांना ए-टू-सी केबल लागते. ते निघायच्या आदल्या दिवशी कळू नये.

विकत घेतल्यावर परतीची मुदत आहे तोवर एक चाचणी करा. पूर्ण चार्ज करून दिवा पंख्याच्या वाऱ्यात ठेवा, कारण धावताना त्याला हवा लागते आणि तो कमी तापतो. बंद खोलीत स्थिर ठेवला तर तो लवकर मंदावेल आणि अंदाज चुकेल. भिंतीवरच्या एकाच जागेचा उजेड फोनच्या लक्समीटरनं दर पंधरा मिनिटांनी टिपून ठेवा. फोनचे आकडे अचूक नसतात, पण घट किती झाली हे त्यातून नीट कळतं. तुम्ही वापरणार त्या उजेडावर चार तासांनी तो निम्म्याच्या खाली आलेला दिसला, तर एक जादा सेल किंवा मोठ्या बॅटरीचा दिवा घ्या.

महिनोन्महिने वापरणार नसाल तर बॅटरी पूर्ण भरून ठेवू नका, निम्म्यावर ठेवा. हीच चाचणी वर्षातून एकदा पुन्हा करा, कारण सेल थकला की चार तासांचा दिवा तीन तासांवर येतो आणि चार्जरचा हिरवा दिवा तुम्हाला ते सांगत नाही.