टक्क्याआधी छेद

प्रिय डॉक्टर,

अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझे पत्र पोचले. तालुक्याच्या मासिक सभेत गर्भवतींच्या चार तपासण्यांच्या तक्त्यात तुझे प्राथमिक आरोग्य केंद्र सर्वांत खाली आले, वरिष्ठांनी सर्वांसमोर ‘टक्का सुधारा’ असे बजावले आणि बाहेर पडल्यावर एका मुरलेल्या सहकाऱ्याने तो एका दुपारीत कसा सुधारतो तेही समजावले. खोटी नोंद करू नकोस, असे मी लिहीत बसणार नाही. ते तुला ठाऊक आहे, म्हणूनच तू अस्वस्थ आहेस. मला राग आला तो वेगळ्या गोष्टीचा. एवढ्या लांब पत्रात टक्का जागोजागी आहे, पण तो कशाचा टक्का, हे तू एकदाही लिहिलेले नाहीस.

छेद काय होता, म्हणजे कितीजणींपैकी? अपेक्षित गर्भवती, की नोंदणी झालेल्या? अपेक्षितांचा हिशेब तू शिकली आहेस: पाच हजार वस्तीच्या उपकेंद्रात जन्मदर हजारी १६ धरला तर वर्षाला ८० जन्म, त्यात गर्भपात आणि मृतजन्म यांच्यासाठी दहा टक्के मिळवून ८८ गर्भवती. पण ती पाच हजार माणसे आली कोठून? २०११ च्या जनगणनेचा आकडा आपण पुढे ओढत आणला आहे, कारण २०२१ ची जनगणना वेळेवर झालीच नाही. शहरालगत वाढलेल्या वस्तीत हा छेद लहान पडतो, लसीकरण शंभर टक्क्यांच्या वर जाते आणि सभेत कौतुक होते. बालाघाटच्या डोंगरातून माणसे पुण्याकडे निघून गेलेल्या गावात तोच छेद मोठा पडतो आणि तिथल्या एएनएम परिचारिकेला नोटीस मिळते. दोघींनी कदाचित सारखेच काम केलेले असते. आणि महिन्याला सहा-सात बाळंतपणे होणाऱ्या उपकेंद्राचा टक्का दरमहा काढूच नये. एक बाळंतपण घरी झाले की दवाखान्यातल्या बाळंतपणांचा टक्का पंधराएक अंकांनी घसरतो. तिथे त्या बाईचे नाव विचारावे आणि तिच्या घरी जावे.

सॉफ्टवेअरला तू विनाकारण दोष दिला आहेस. एचएमआयएस, म्हणजे आरोग्यसेवांचे आकडे भरायची सरकारी संगणकप्रणाली, २००८ पासून आपल्याकडे आहे आणि त्यात सेवा जिथे दिली गेली तिथे मोजली जाते. लोकसंख्या मात्र राहत्या गावाची धरली जाते. पहिलटकरीण माहेरी जाते, अडलेली बाई उपजिल्हा रुग्णालयात जाते, आणि मग अंश एका गावचा व छेद दुसऱ्या गावचा असा अपूर्णांक तयार होतो. तो यंत्राने केलेला नाही. न विचारता तो वाचणाऱ्यांनी केला आहे.

आता तुझ्या भागाचा मूळ प्रश्न. बीड जिल्ह्यात बसून तुला तो दिसू नये याचे मला खरोखर आश्चर्य वाटते. ऑगस्टमध्ये नोंदवलेली गर्भवती दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला, कोयत्याबरोबर सांगली-कोल्हापूरकडे किंवा कर्नाटकात जाते. तिची तिसरी आणि चौथी तपासणी साखर कारखान्याजवळच्या कोपीवर, म्हणजे तोडकऱ्यांच्या झोपडीत, असताना येते. पहाटे उसाच्या फडात जाणाऱ्या आणि खाडा केला की मजुरी कापली जाणाऱ्या बाईची ती बहुधा होत नाही, झाली तरी तुझ्या रजिस्टरला कळत नाही. तिच्या बाळाचेही तेच. पाच रोगांवरच्या पेंटा लशीचा पहिला डोस सहाव्या आठवड्यात गावात मिळतो, दहाव्या आणि चौदाव्या आठवड्याचे डोस टोळीबरोबर प्रवासात हरवतात. म्हणून पेंटा-१ घेतलेल्यांपैकी पेंटा-३ पर्यंत न पोचलेली बालके किती, ही गळती मला फार मोलाची वाटते. तिचा छेद जनगणनेतून येत नाही, तुझ्याच रजिस्टरमधल्या नावांतून येतो. गळती उणे निघाली, म्हणजे तिसरा डोस घेणारी बालके पहिल्यापेक्षा जास्त झाली, तर बाहेरून कोणी आले की नोंद चुकली हे शोधायचे. आनंद मानायचा नाही.

तीव्र रक्तक्षयाचेही असेच आहे. सातपेक्षा कमी हिमोग्लोबिनची एकही गर्भवती नाही, असे एखादे केंद्र अभिमानाने सांगते. रक्त किती जणींचे तपासले, ते आधी विचार.

मात्र एक सांगून ठेवतो, कारण हुशार माणसे इथेच घसरतात. छेद विचारणे म्हणजे छेद छाटणे नव्हे. स्थलांतरित बायका यादीतून वगळल्या की तुझा टक्का पुढच्याच महिन्यात झळकेल, आणि हे प्रशासकीयदृष्ट्या योग्य आहे असे सांगणारे भले लोकही भेटतील. अंश फुगवणारा आणि छेद छाटणारा, दोघे एकाच बाईला कागदावरून नाहीशी करतात. ती वगळायची नाही. तिची ओळ वेगळी दाखवायची: गावात असलेल्या इतक्या, कोयत्यावर गेलेल्या इतक्या, माहेरी गेलेल्या इतक्या, आणि प्रत्येकीच्या किती तपासण्या झाल्या.

मी हेच मांडत राहिलो. ‘अंकगणिताचे मास्तर’ अशी माझी थट्टा झाली, आणि थोडे गोड बोललो असतो तर अधिक साधले असते, असे जुने सहकारी अजूनही म्हणतात. असेलही. पण गोड बोलणाऱ्यांच्या काळात अशा ओळी ठेवणारी स्थलांतराची वही तालुक्यात कोणी सुरू केली नव्हती; ती मी केली, आणि माझी बदली झाल्यावर ती बंद पडली ती माझ्या स्वभावामुळे नव्हे, तर वरच्या नमुन्यात तिच्यासाठी रकानाच नव्हता म्हणून. याची हळहळ मला अजून आहे, आणि तुझ्यावर चिडण्यामागे तीही असावी.

तेव्हा दसऱ्याच्या आत आशांना बसवून घे. कोणती टोळी, कोणता मुकादम, कोणता कारखाना, कोणत्या गर्भवतीची प्रसूतीची तारीख कोणत्या महिन्यात, एवढे लिहून काढ. मुकादमाशी स्वतः बोल; उचल, म्हणजे आगाऊ मजुरी, कोणी घेतली हे त्याला तोंडपाठ असते. माता-बाल संरक्षण कार्ड प्रत्येकीच्या पिशवीत गेले याची खात्री कर, कारण तिकडच्या परिचारिकेला तेवढाच पुरावा मिळणार आहे. पुढच्या सभेत टक्क्याबद्दल कोणी बोलले तर वाद न घालता ही यादी समोर ठेव. तिची प्रत मला पाठवण्यात वेळ घालवू नकोस. ज्या कारखान्यांची नावे तिच्यात येतील, त्यांच्याजवळच्या आरोग्य केंद्रांच्या वैद्यकीय अधिकाऱ्यांना ती पाठव आणि टोळ्या पोचल्या की त्यांना फोन कर.

तुझा,
एक निवृत्त तालुका आरोग्य अधिकारी